कोन्या गावचे, भाऊ?

बुलढाण्याच्या स्टँडवरून मलकापूरची गाडी हलली की राजूर घाट लागायच्या आत नानांना शेजाऱ्याचं गाव कळलेलं असतं. घाट उतरेपर्यंत मामाचं गाव कळतं. मोताळ्याला कंडक्टर दार उघडतो तोवर मुलगा कुठे नोकरीला, पगार किती आणि लग्न काऊन जमून नाही राह्यलं, इथपर्यंत मजल गेलेली असते. बाकीचे प्रवासी खिडकीसाठी रुमाल टाकतात. नाना आपणहून तिघांच्या बाकावर मधली जागा घेतात. दोन्हीकडे गिऱ्हाईक मिळतं.

नाना म्हणजे कोणी एक माणूस समजू नका. जिल्ह्यात तालुके तेरा, आणि प्रत्येक तालुक्याच्या प्रत्येक गाडीत एक नाना ठरलेले. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे मोठेबाबा. पांढरा पायजमा, सदऱ्याच्या खिशात चष्म्याचं घर, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत कृषी केंद्राचं बिल, डोळ्यांच्या थेंबांची बाटली आणि पुडीत फुटाणे. हे फुटाणे नाना स्वतः खात नाहीत, दात कुठे आहेत? "घ्या" म्हणून पुडी पुढे करायची, समोरच्याने चार दाणे तोंडात टाकले की विचारायचं. फुटाणे चावत असलेल्या माणसाला "तुम्हाला काय करायचंय?" असं म्हणता येत नाही.

"कोन्या गावचे, भाऊ?"

"पिंपळगाव."

"कोनतं? राजा, काळे, सराई, का देवी?"

"काळे."

"म्हंजे जळगाव जामोदकडचे. बोलन्यावरून वाटलंच मले, घाटाखालचे. मी धाडचा. तीन एकर वावर हाये, यंदा सोयाबीन पान्यात गेलं. दोन पोरं, थोरला पुन्याले. डॉक्टरनं गुडघ्याचं ऑपरेशन सांगतलं, मी नाई म्हनलो. अन् तुमी कोनाचे?"

यात नानांची सगळी विद्या आहे. मागण्याआधी द्यायचं. स्वतःचं वावर, पीक, पोरं आणि गुडघा असा सगळा ऐवज त्यांनी अनोळखी माणसाच्या मांडीवर ठेवला, आता तुम्ही नुसतं "काळे" म्हणून खिडकीबाहेर पाहत बसलात तर माणुसघाणे तुम्ही ठरता. शेजारी मग चुलत्याचं नाव सांगतो. नाना डोळे मिटतात. आत कुठेतरी फायली हलतात.

"तुमच्या गावची एक पोरगी धामनगाव बढ्याले देल्ली. लग्नाले होतो ना मी! डीजे बंद पडला होता, वरात दोन घंटे रस्त्यावर."

"ते आमच्या चुलत्याच्याच सोयऱ्यात होतं!"

"मंग सोयरेच निंगालो की आपन!"

मलकापूरला उतरताना नानांची पिशवी त्या पिंपळगावकराच्या हातात असते.

आता कोणी म्हणेल, हा आगाऊपणा आहे. पण नानांची बाजू घ्यायची तर आधी आमच्या जिल्ह्याचा नकाशा पाहावा लागतो. इथे माणसांनाच काय, गावांनाही आडनावं आहेत. देऊळगाव म्हणाल तर राजा, मही की साकर्शा? नुसतं सिंदखेड म्हणून भागत नाही. 'राजा' जोडलं नाही तर जिजाऊंच्या जन्मगावाला निघालेला माणूस धुळ्याच्या शिंदखेड्यात उतरायचा. जळगावला 'जामोद' जोडायला विसरलेलं पोरगं खान्देशात पोचतं आणि तिथून घरी फोन लावतं. अशा मुलखात गाव विचारून थांबणं हाच अर्धवटपणा, दुसरा प्रश्न विचारावाच लागतो.

त्यात पुन्हा घाट. अजिंठ्याच्या डोंगराने जिल्ह्याचे दोन मजले केलेत. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. खाली मलकापूर, खामगाव, शेगाव आणि बाकीचे. वरच्यांना खालचं ऊन सोसत नाही आणि खालच्यांना वरच्यांचा तोरा. माणूस कोणत्या मजल्यावरचा हे ठरल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. लोणारच्या सरोवराचंही हेच झालं. तो खड्डा खालून, ज्वालामुखीतून आला की वरून, उल्केतून, यावर शास्त्रज्ञांनी दीडशेएक वर्षं घातली. 1973 साली बेसॉल्टमधला उल्काघात म्हणून त्याच्यावर शिक्कामोर्तब करणारा निबंध छापून आला. नानांना फुटाण्यांची एक पुडी देऊन तळ्याकाठी बसवलं असतं तर घाटावरचा की घाटाखालचा हा निकाल त्याच दिवशी लागला असता.

तुमचा जन्म कुठला, याआधी कुठे राहत होता, तिथून कशासाठी निघालात, हे प्रश्न सरकारही विचारतं. 2011 च्या जनगणनेत ते होते. त्या वर्षी जिल्ह्याची लोकसंख्या 25,86,258 भरली. पुढची जनगणना 2021 ला व्हायची होती, ती लांबली. नानांची गणती एक दिवस खंडली नाही. करोनात गाड्या बंद होत्या तेव्हा ते फाट्यावर बसून दुचाक्या थांबवत.

बायकांच्या बाजूला नानी आहेत, आणि त्यांचं काम जास्त बारीक. पुरुषाला एक गाव, बाईला दोन. "सासर ठीक हाये, माहेर कोनतं?" इथून सुरुवात, मग आईचं माहेर. नाना तासाभरात जिथे पोचतात तिथे नानी तिकीट फाडायच्या आत पोचतात. शिवाय नानींच्या चौकशीतून दर उन्हाळ्यात दोन-चार सोयरिकी खरोखर जमतात. नानांच्या चौकशीतून फार तर चहा निघतो.

उद्धट काय आणि आपुलकीचं काय, हे बहुधा कोण कुणाला विचारतंय यावर ठरतं. पुण्यात शिकायला गेलेल्या आमच्या पोरांना विचारतात, "मूळचा कुठला?" पोरगं म्हणतं बुलढाणा. "म्हणजे नागपूरजवळ?" आता नागपूर आम्हाला तीनशे किलोमीटरच्या पुढे, छत्रपती संभाजीनगर त्याच्या निम्म्यावर. पण हे समजावत बसायला वेळ कुणाला? पोरगं "शेगावजवळ" म्हणून मोकळं होतं. "अय्या, आम्ही आनंदसागरला आलो होतो!" झाली ओळख. ओळख कसली, सुटका.

त्याहून लांबचा मामला ओळखीतल्या एका पोरीचा. जन्म न्यू जर्सीतल्या एडिसनचा, वाढही तिथलीच. शाळेत तिला कोणीतरी विचारलं, तू कुठली? तिने एडिसन सांगितलं. "ते ठीक, पण खरंखरं कुठली?" तिला तो प्रश्न झोंबला, आणि झोंबावा असाच होता. तीच पोरगी सुट्टीत आजीकडे आली, शेगाव-खामगाव गाडीत नानांच्या तावडीत सापडली.

"गाव कोनतं, बेटा?"

"एडिसन."

"हे कोन्या तालुक्यात आलं?"

तिला हसू आवरेना. खामगाव येईतो नानांनी तिच्या आजीचं नांदुऱ्याचं माहेर काढलं आणि ती नात्याने आपली नात लागते असं जाहीर करून दहाची नोट हातावर ठेवली. विचारलं दोघांनीही तेच. एकाला ती आपल्यातली नाही हे पक्कं करायचं होतं, नानांना काहीही करून तिला आपल्यात बसवायचं होतं. त्यासाठी नात्याची जरा ओढाताण झाली, पण चालायचंच.

इथवर नाना गोडच वाटतात. पण त्यांची सगळीच चौकशी आत घेण्यासाठी नसते.

एकदा मेहकर-चिखली गाडीत त्यांच्या शेजारी इंजिनिअरिंगचा एक पोरगा होता. त्याने गाव सांगितलं, तालुका सांगितला. नानांनी आडनाव विचारलं, तेही सांगितलं. आडनाव असं, की चार जातींत सापडावं. नाना जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गावात घर कोनीकडं तुमचं? मारुतीच्या देवळाकडं, का खालच्या अंगाले?"

पोराने नानांकडे नीट पाहिलं. हा प्रश्न तो पहिल्यांदा ऐकत नव्हता. "गुगल मॅपवर दिसते, काका," तो म्हणाला आणि कानात हेडफोन घातले. एरवी सगळ्यात आधी पुढे होणारी फुटाण्यांची पुडी उत्तराची वाट पाहत पिशवीतच होती.

या प्रश्नाचं वय मोठं आहे. 1901 साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेले लहानगे भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे मसूर स्टेशनवर उतरले. न्यायला कोणी आलं नव्हतं. पोरांचे कपडे नीटनेटके पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करत होता. तुम्ही कोण, असं त्याने विचारलं, पोरांनी जात सांगितली, आणि त्याचा चेहराच बदलला. बाबासाहेबांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त हे लिहून ठेवलं आहे. मास्तर तोवर चांगलाच वागत होता, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

नानांना त्या मास्तरच्या शेजारी बसवलं तर त्यांना राग येईल. ते माळकरी आहेत, दर महिन्याला शेगावची वारी करतात. आणि खरी गंमत इथेच आहे. ज्यांच्या दर्शनाला नाना चार तास रांगेत उभे राहतात ते गजानन महाराज 23 फेब्रुवारी 1878 ला शेगावात पहिल्यांदा दिसले, उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. बंकटलाल आणि दामोदरपंतांनी त्यांना पाहिलं. कुठून आले, आईबाप कोण, जात कोणती, काहीच कळलं नाही. 8 सप्टेंबर 1910 ला समाधी घेतली तोवर बत्तीस वर्षं गेली, अख्खं वऱ्हाड पायाशी आलं, पण गावाचा पत्ता लागला नाही तो नाहीच.

शेगावहून परतीच्या गाडीत नानांना मी सहज विचारलं, "नाना, महाराजांचं गाव कोणतं हो?"

नानांनी दोन्ही हात जोडले. "ते इचारायचं नसते."

"मग त्या पोराला काऊन विचारलं?"

नाना खिडकीबाहेर वाकून पाहू लागले. "जलंबचा फाटा आला वाटते," म्हणाले. फाटा केव्हाच मागे गेला होता.

हल्ली नाना वर्षातले दोन महिने थोरल्याकडे पुण्यात काढतात. तिथे त्यांची फार उपासमार होते. लिफ्टमध्ये माणसं भेटतात, पण ती मोबाइलकडे बघत असतात, आणि सात मजले म्हणजे फुटाण्याची पुडी सोडायलाही वेळ पुरत नाही. एकाने "गाव कोनतं?"ला "बी विंग" असं उत्तर दिलं. सगळ्या सोसायटीत रीतसर चौकशी करणारा एकच माणूस, गेटवरचा वॉचमन. कुठून आलात, कुणाकडे, काय काम. नाना त्याच्यावर खूश. पहिल्याच दिवशी त्यांनी रजिस्टरमध्ये 'कुठून' या रकान्यात गाव, पोस्ट, तालुका असा पूर्ण पत्ता लिहिला, रकाना संपला तेव्हा समासात लिहिला. वॉचमन निघाला बिबीचा. लोणार तालुका! त्या दिवसापासून संध्याकाळी दोघे केबिनमध्ये, आणि गेटवर गाड्यांचे हॉर्न.

शेवटी सेक्रेटरी खाली आले. मुलाने गॅलरीतून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सेक्रेटरींनी घसा साफ केला. हे बघा काका, सोसायटीचे काही नियम असतात, वॉचमनला ड्युटीवर असं बोलण्यात गुंतवणं बरोबर नाही, वगैरे. नानांनी सगळं मान हलवून ऐकून घेतलं. मग पिशवीतून पुडी काढून पुढे केली.

"साहेब, मूळ गाव कोनतं म्हनलं तुमचं?"

सेक्रेटरी क्षणभर थांबले. "मूळचे आम्ही यावलचे, पण आता तिकडे कोणी..."

"यावल! म्हंजे फैजपूरच्या बाजूचं. मलकापूरवरून काय लांब हाये ते! ए भाऊ, साहेबाले खुर्ची दे. हां, बोला, कोनाचे तुमी?"

सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं, आणि चार दाणे उचलले.