'हे तुम्हीच ना?'

'द एंड ऑफ द टूर' या २०१५च्या इंग्रजी चित्रपटात घडत असं काहीच नाही. 'रोलिंग स्टोन' मासिकाचा डेव्हिड लिप्स्की १९९६ साली डेव्हिड फॉस्टर वॉलेस या गाजत्या कादंबरीकाराची मुलाखत घ्यायला जातो. पाच दिवस दोघं गाडीतून हिंडतात, अरबट-चरबट खातात, मधूनच एकमेकांवर रुसतात, टेपरेकॉर्डर चालूच. एवढं करून लेख छापला जातच नाही. वॉलेस गेल्यावर, २०१० साली, त्या टेपांचं पुस्तक झालं.

छत्रपती संभाजीनगरात असा चित्रपट काढायचा तर कादंबरीकार शोधत हिंडायला नको. भालचंद्र नेमाडे इथल्याच मराठवाडा विद्यापीठात इंग्रजी शिकवत. अडचण मुलाखतीची आहे. आपल्याकडे ती 'प्रकट' लागते. तापडिया नाट्यमंदिरात दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मग परिचय. परिचय इतका भरगच्च, की आपण अजून हयात आहोत ना, हे लेखकाने चाचपून बघावं. त्यानंतर पहिला प्रश्न. त्यातच उत्तर, उपप्रश्न आणि मुलाखतकाराचा आगामी कवितासंग्रह सगळं येऊन जातं. लेखकाने नुसतं 'हो' म्हणायचं.

नेमाडे काही 'हो' म्हणणाऱ्यांतले नव्हेत. पण त्यांनाही एक प्रश्न चुकणारा नाही. १९६३च्या 'कोसला'चा नायक सांगवीकर, लेखकाचं गाव सांगवी. पुढे 'बिढार'पासूनचा चांगदेव पाटील इंग्रजीचा प्राध्यापक, गावोगाव नोकऱ्या करणारा. लेखकानेही अहमदनगर, धुळे, औरंगाबाद अशी गावं पालथी घातलेली. मग कुणीतरी विचारणारच, 'सर, हे तुम्हीच ना?' साहित्य अकादमीने मात्र त्यांना पुरस्कार दिला तो 'टीकास्वयंवर' या समीक्षेला. कादंबरीतला माणूस कोण, या भानगडीत अकादमी पडलीच नाही!

लिप्स्की पडला, कारण तोही कादंबरीकारच होता. समोरच्याला हे कसं जमतं, हे त्याला हवं होतं. आपणही वेगळे नाही. लेखकाला जे सांगायचं ते त्याने चारशे पानांत सांगून टाकलेलं असतं. आपण विचारतो, पहाटे लिहिता की रात्री, चहात साखर किती? यात भोचकपणा कमी, आशा जास्त असते. त्याच्यासारखं लिहिणं या जन्मी होणार नाही. बिनसाखरेचा चहा मात्र उद्यापासून सुरू करता येतो.