आजोबांचे हेडमास्तर कसे निवडावेत

सरकारी भरतीची तयारी म्हणजे चालू घडामोडी, अंकगणित आणि पहाटे उठून मैदानावर धावणे, असा गैरसमज क्लासवाल्यांनी पसरवला आहे. राखीव जागेवर अर्ज करणाऱ्याची तयारी त्याच्या जन्माआधीच, आजोबांचे नाव शाळेत घातले त्या दिवशी सुरू होते. म्हणून नियम पहिला: आजोबांसाठी हेडमास्तर पारखून घ्यावेत.

जातीच्या रकान्यात नुसते ‘हिंदू’ लिहून पुढच्या पोराकडे वळणारे मास्तर कटाक्षाने टाळावेत. शाई वाचवणारे त्याहून वाईट. आमच्या आजोबांच्या मास्तरांनी ‘ना. शिंपी’ असे लिहून ठेवले. ‘ना.’ म्हणजे नामदेव, हे तेव्हा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. पण साठ-पासष्ट वर्षांनी तो उतारा टेबलावर गेला, तेव्हा पलीकडून अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारणा झाली, “ना शिंपी? मग कोण?” याच मास्तरांनी गावातली एक अख्खी पिढी 1 जूनला जन्माला घातली. शाळा जूनमध्ये भरायची, पोराचे वय बसवायचे, विषय संपला. आजोबा, त्यांचे दोन भाऊ आणि समोरचा न्हावी, सगळ्यांचे वाढदिवस एकाच दिवशी.

तरीही मास्तरांना फार बोलवत नाही. आमच्याकडे जमीन नव्हती, त्यामुळे सातबाऱ्यात नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. तहसीलच्या अभिलेख कक्षातले गाव नमुना चौदाचे, म्हणजे जन्म-मृत्यूचे, नेमके हवे ते पान वाळवीने खाल्ले होते. मास्तरांचे दाखल-खारीज रजिस्टर तेवढे शाबूत निघाले: खाकी पुठ्ठा, लाल दोऱ्याची शिवण, टाकाची निळीकाळी शाई आणि एकही खाडाखोड नाही. आमच्या घराण्याचा एवढाच काय तो लेखी इतिहास.

नियम दुसरा: आजोबांना शाळेत वेळेवर घालावे. पुरावा मानीव दिनांकाच्या आधीचा लागतो. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967. त्या तारखेला कुटुंब जिथे राहत होते, तिथल्याच प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. तुमचा जन्म पिंपरीतला असो, शिक्षण पिंपरीतले असो. आजोबा सांगोल्याचे, म्हणून सांगोल्याची एसटी धरावीच लागते.

आता जातीचा दाखला आणि जात वैधता यांतला फरक. तुमचे म्हणणे प्रांतांना पटले, तो दाखला. प्रांतांना जे पटले ते जिल्हा पडताळणी समितीलाही पटले, ती वैधता. पडताळणीची आजची चौकट 1994 च्या माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आखून दिली. पुढे राज्याने कायदा केला आणि पुराव्याचा भार अर्जदाराच्या डोक्यावर ठेवला. खोटे दाखले काढून खऱ्यांच्या जागा पळवणारे होते, आजही आहेत, हे मान्य. पण चोर पकडायचा म्हणून अख्ख्या आळीला रांगेत उभे करायचे, आणि त्या रांगेत माझ्या पोराने परीक्षेचा महिना घालवायचा, हे मला आजही पटत नाही. असो. मार्गदर्शकाने चिडू नये.

नॉन-क्रिमीलेयरबाबत. हे अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही, बाकीच्यांना लागते. मर्यादा वार्षिक 8 लाख, आणि पाहायचे ते आईवडिलांचे उत्पन्न. त्यातही पगार आणि शेतीचे उत्पन्न त्या 8 लाखांत धरत नाहीत. हे वाक्य सेतू केंद्राच्या खिडकीवर ठामपणे म्हणता यावे, म्हणून आधी घरी आरशासमोर म्हणून पाहावे. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याच्या पगाराची चिठ्ठी नेऊ नये, ती कोणी मागत नाही. माझी बहीण दोन पोरांची आई आहे, तरी सरकार अजून तिच्या वडिलांचीच कमाई विचारते. वडिलांना याचा केवढा आनंद! दाखल्यावर माहेरचे नाव, अर्जावर सासरचे. त्यासाठी राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवावा. नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्राची मुदत 31 मार्चला संपते. एप्रिल उजाडताच नवे काढावे, कारण दहावी-बारावीचे निकाल लागले की सेतूत पाय ठेवायला जागा उरत नाही.

केंद्राच्या भरतीला केंद्राचा नमुना. राज्याचा दाखवू नये.

लॅमिनेशन करू नये.

शेवटचा नियम नाजूक आहे: भावकीशी भांडू नये. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाला वैधता मिळालेली असेल, तर तिच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. वंशावळीच्या शपथपत्रात त्या माणसाचे नाव घातले, त्याच्या वैधतेची प्रत जोडली, की निम्मे काम होते. अडचण एवढीच, की ही वैधता नेहमी त्याच चुलतभावाकडे असते, ज्याच्याशी बोलणे बंद आहे. आमच्यात परसातल्या भिंतीवरून बंद होते. तेव्हा जाताना पावशेर पेढे न्यावेत, आधी काकूंच्या पाया पडावे, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करावी, आणि कागदाचा विषय चहाचा कप खाली ठेवल्यावरच काढावा. आमच्या त्या धाकट्या चुलतभावाने कपाट उघडून वैधता काढली, स्वतः कोपऱ्यावर जाऊन झेरॉक्स आणली, शपथपत्रावर सहीसुद्धा केली. मग पेनाचे टोपण लावत म्हणाला, “दादा, त्या भिंतीचं तेवढं बघा आता.”