कॉम्प्युटर ‘सुपरफास्ट’ करून देणाऱ्या गृहस्थांस

महाशय,

दिवाळी अंकाची अक्षरजुळणी ऐन भरात असताना आमचं मशीन रडतखडत चालायला लागलं, म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही ते तासाभरात ‘सुपरफास्ट’ केलंत, पैसे मोजून घेतलेत आणि टेबलावर कार्ड ठेवून निघून गेलात. आत नेमकं काय करून ठेवलंय, हे मात्र कुणालाच सांगितलं नाहीत. ते आता मी चारचौघांत सांगतो, कारण तुमचं कार्ड पेठेतल्या बऱ्याच दुकानांत चिकटवलेलं दिसतं.

8 जीबी रॅममधली 4 जीबी तोडून तुम्ही रॅम डिस्क केलीत. तिला ‘आर’ ड्राइव्ह केलंत आणि वर नाव दिलंत ‘फास्ट काम’. रॅम डिस्क म्हणजे डिस्कचं सोंग घेतलेला मेमरीचा तुकडा. तो वेगवान असतो, यात वाद नाही. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला हवी ती जागा डोक्याखाली यायची तर सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे 4 मिलिसेकंदांहून जास्त. डोकं त्या पट्ट्यावर सरकायचा वेळ वेगळा. रॅमचं हेच काम सेकंदाच्या साधारण एक कोटीव्या भागात होतं. पण वीज गेली की रॅम कोरी होते, हे शाळेच्या पुस्तकातही असतं. त्या जागेला ‘काम’ असं नाव देताना तुम्ही ते सोयीस्कर विसरलात का?

आमच्या जुळणी करणाऱ्या ताईंची बोटं परिच्छेद संपला की आपोआप कंट्रोल-एसवर जातात. त्या दुपारीही जात होती. फाइल सेव्ह होत होती, तशी ती पडद्यावर दिसतही होती. मग वीज गेली. यूपीएसच्या म्हाताऱ्या बॅटरीने मान टाकली. वीज परत आली तेव्हा ‘आर’ ड्राइव्ह उघडला, आत एकही फाइल नाही. मुद्रितशोधकाच्या हातून सुटून आलेली अख्खी दीर्घकथा, समासातल्या दुरुस्त्या ओळ न् ओळ घातलेली, गेली. ताई कितीतरी वेळ रिफ्रेश दाबत राहिल्या. तुम्ही बसवलेलं सॉफ्टवेअर रॅम डिस्कची प्रत हार्ड डिस्कवर उतरवतं, पण नीट शटडाऊन केलं तरच. वीज शटडाऊन करून जात नाही, महाशय!

डी ड्राइव्हवर क्षणभर आधी काढून ठेवलेली प्रत तरी हाती लागेल असं वाटलं, तर तीही उघडेना. तेव्हा डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉलिसीज’ उघडून पाहिलं. तिथल्या दुसऱ्या चौकटीत तुम्ही खूण करून ठेवली होती. डिस्क आलेला मजकूर आधी स्वतःच्या छोट्या मेमरीत घेते आणि सवडीने तबकडीवर उतरवते. मजकूर महत्त्वाचा असेल तेव्हा विंडोज तिला बजावतं, की आता हे खरोखर लिहून टाक. तुमच्या त्या खुणेने हे बजावणंच बंद झालं. डिस्कला वेगळा वीजपुरवठा नसेल तर डेटा जाऊ शकतो, असा इशारा त्याच चौकटीखाली छापलेला असतो. तो न वाचता खूण केली असेल तर दुसऱ्याच्या मशीनला हात लावायची तुमची लायकी नाही. आणि वाचून केली असेल, तर काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

हे धोके नवे आहेत असंही नाही. 1993 साली एमएस-डॉस 6 मधल्या स्मार्टड्राइव्हने असंच मागाहून लिहायचं धोरण ठेवलं होतं. पडद्यावर सी प्रॉम्प्ट दिसला की लोक काम संपलं समजून बटण बंद करायचे, आणि न लिहिलेला मजकूर जायचा. 6.2 मध्ये मायक्रोसॉफ्टला ते बदलावं लागलं: आधी लिहिणं पुरं, मगच प्रॉम्प्ट.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती मात्र वेगळ्याच गोष्टीची. तुम्ही जो वेग विकलात तो आमच्याकडे फुकट होता. रिकामी रॅम विंडोज वाया घालवतच नाही; नुकत्याच वाचलेल्या फाइली तिथे धरून ठेवतं आणि प्रोग्रॅमला जागा लागली की लगेच सोडून देतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी उघडा, ‘कॅश्ड’ या शब्दापुढे आकडा दिसेल. निम्मी रॅम कुंपण घालून बाजूला काढलीत म्हणजे ही सोयही निम्म्याहून खाली आणलीत. त्यावर कडी म्हणजे पेजिंग फाइलही ‘आर’ ड्राइव्हवर! रॅम कमी पडली तर सामान डिस्कवर ठेवता यावं म्हणून ती फाइल असते. रॅम तोडून त्या तुकड्यात ती ठेवण्यात कसलं शहाणपण? शिवाय पडद्याच्या कोपऱ्यात तुम्ही बसवलेला तो रॅम बूस्टर. तो धरून ठेवलेल्या फाइली हुसकावतो, ‘फ्री मेमरी’चा आकडा फुगवतो, आणि पुढच्या क्लिकला त्याच फाइली पुन्हा हार्ड डिस्कवरून ओढाव्या लागतात. 1995 मध्ये अमेरिकेत सॉफ्टरॅम 95 नावाचं सॉफ्टवेअर मेमरी दुप्पट करण्याच्या वायद्यावर धडाक्यात खपलं. तपासणाऱ्यांनी ते उलगडून पाहिलं तर मेमरी वाढवण्याचं काम ते करतच नव्हतं.

रॅम डिस्क वाईट नाही. लिनक्सवर टीएमपीएफएस याच तत्त्वावर चालतं. गेल्या तरी चालतील अशा तात्पुरत्या फाइलींसाठी ते उत्तम आहे. आमच्या मशीनचं दुखणं जुनी हार्ड डिस्क हे होतं. ती काढून एसएसडी बसवा म्हणाला असतात तर आम्ही आनंदाने बसवली असती. चोर सोडून तुम्ही संन्याशाला फाशी दिलीत.

तुमच्या पावतीपुस्तकात इतर गिऱ्हाइकांचे नंबर असतील. कुणाच्या मशीनवर दुकानाचा हिशेब असेल, कुणाच्या मशीनवर क्लासच्या मुलांचे गुण. आजच फोन करायला बसा. ‘आर’ ड्राइव्हवरच्या फाइली आधी हार्ड डिस्कवर घ्यायला सांगा, मग त्या दुसऱ्या चौकटीतली खूण काढायला सांगा. मिनिटाचं काम आहे, आणि त्याचे पैसे मागायचे नाहीत.

तुमचा एक माजी गिऱ्हाईक