भावकी नसलेला माणूस

बदलीवर आलेला माणूस शिवाजी पेठेत पत्त्यावरून ओळखू येतो. त्याच्या हातातल्या कागदावर घर क्रमांक, वॉर्ड, पिनकोड असं सगळं असतं आणि पेठेत यातल्या कशाचाच उपयोग नसतो. त्याला सांगितलं जातं, ‘बिनखांबी गणपतीकडनं या. अर्धा शिवाजी पुतळा इचारा. तिथनं उभा मारुती इचारा. मग कुणालाबी आमचं नाव सांगा.’ एका देवळाला खांब नाहीत, एक पुतळा अर्धा, एक मारुती उभा. नवख्याला वाटतं, हे आपली फिरकी घेतायत. आमचे साहेब २००५ च्या महापुराच्या पुढच्या वर्षी आले, तेव्हा पत्ता घोकून घोकून त्यांचा असा काही गोंधळ झाला होता, की ‘अर्धा मारुती कुठे आहे?’ असं विचारतच ते गल्लीत शिरले. त्यांना आडनाव आहे, चांगलं भारदस्त आहे. पण पेठेत ते कुणी वापरत नाही. नागपूरकर साहेब, नुसते साहेब, आणि चिडवायचं असेल तर ‘अर्धा मारुती’.

साहेब बँकेत अधिकारी. तीन वर्षं काढायची आणि परत जायचं, या हिशोबानं सामानातले दोन खोके त्यांनी फोडलेच नाहीत. ते अजून माळ्यावर आहेत. काय आहे त्यांत, हे आता त्यांनाही सांगता येत नाही. आले ते महाराष्ट्र एक्स्प्रेसनं. गोंदियाहून निघून नागपूर, अकोला, मनमाड, पुणे करत कोल्हापूरला टेकणारी ही गाडी तेराशे किलोमीटरहून जास्त चालते आणि तरीही राज्याबाहेर पाऊल टाकत नाही. ‘राज्य केवढं आहे हे पाहायचं असेल तर या गाडीत बसा,’ साहेब म्हणतात, ‘आणि कंटाळा केवढा असतो तेही.’

बाहेरचा माणूस दिसला, की पेठ त्याला काळजीनं विचारते, ‘तिखट चालतंय न्हवं?’ नागपूरच्या माणसाला हे विचारणं म्हणजे पहिलवानाला जिना चढायला हात देण्यासारखं आहे. सावजीच्या रश्श्यावर वाढलेल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी मिसळीत तीनदा कट मागून घेतला आणि कपाळावर घामाचा टिपूस न येऊ देता ब्रेड संपवला. हॉटेलवाला गल्ल्यावरून उठून आला. ‘पाव्हणं, कुठलं म्हणायचं?’ ‘नागपूर.’ ‘हां, मग हाय,’ म्हणून तो परत जाऊन बसला. पण खरी परीक्षा पुढंच होती. पांढरा रस्सा. तिखटाच्या गावात मटणाचं पाणी नारळाच्या दुधात घालून, वाटीतून, भुरके मारत प्यायचं, ही गोष्ट साहेबांच्या पचनी पडायला दोन हिवाळे गेले. आता ते चौथी वाटी मागतात आणि सुटीत नागपूरला गेले, की सावजीपुढं बसून तोंड वाकडं करतात. ‘नुसता जाळ आहे बे. चव कुठाय?’ त्यांच्या थोरल्या भावानं त्यावर दोन दिवस अबोला धरला होता म्हणे. मला यात भावाचं चुकलं असं वाटत नाही.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर त्यांना मीच नेलं. रात्रीचं जेवण झालेलं, म्हशी ओळीनं उभ्या, बादली नाही की पातेलं नाही. गवळी खाली बसून धार थेट काचेच्या ग्लासात सोडतो, ग्लास काठोकाठ फेसानं भरतो आणि कोमटच तुमच्या हातात येतो. साहेबांनी ग्लास दिव्याकडं धरून पाहिला. ‘हे तापवत नाहीत?’ गवळी मान वर न करता म्हणाला, ‘म्हशीनंच तापवून दिलंय की.’ साहेब प्यायले. मिशीला फेस तसाच ठेवून ते माझ्याकडं बघत राहिले आणि मग म्हणाले, ‘याचं बिल देतात का?’ बँकेचा माणूस, दुसरं काय बोलणार! पण हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

साहेबांची पेठेतली खरी दीक्षा फुटबॉलनं झाली. हिवाळा लागला, की कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत माणसं एकमेकांशी जपून बोलतात. मंगळवार पेठेचे पाटाकडील आणि बालगोपाल, रविवार पेठेचं दिलबहार हे तर उघड उघड परके. अडचण घरातली. शिवाजी तरुण मंडळही शिवाजी पेठेतलं आणि खंडोबा तालीमही शिवाजी पेठेतलीच. साहेबांच्या घरमालकांच्या कट्ट्यावर पहिल्याच रविवारी विषय निघाला. ‘मग सायेब, कुणाकडनं?’ साहेबांनी बँकेत ठेवीदारांशी बोलतात तसं हसून सांगितलं, ‘आपल्याला काय, दोन्ही चांगले खेळतात.’

कट्टा गप्प झाला. एकजण चप्पल शोधायला लागला. शेवटी घरमालक आजोबा समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘सायेब, तुमी नवीन हायसा म्हणून सांगतो. देव दोन चालत्यात. ह्ये न्हाई.’ त्यानंतर साहेबांनी बाजू धरली. कुठली, ते मी लिहिणार नाही. मलाही याच पेठेत राहायचंय. एवढंच सांगतो, की आता सामन्याच्या दिवशी त्यांना सलग दोन वाक्यं वऱ्हाडीत बोलता येत नाहीत. ‘काय करून रायलायसा बे!’ अशी एक तिसरीच बोली त्यांच्या तोंडून बाहेर पडते, आणि तिचं व्याकरण गॅलरीतल्या कुणालाच खटकत नाही.

त्यांच्या सौभाग्यवतींचं वेगळं. शेजारच्या आक्का ‘मी येतो गं भाजी घिऊन’ म्हणायच्या, तेव्हा सुरुवातीला त्या दार उघडून पुरुष कोण आलाय ते बघायच्या. आता त्या स्वतःच तसं बोलतात आणि नागपूरच्या नणंदा फोनवर खिदळतात.

पण साहेब पेठेचे झाले ते फुटबॉलमुळं किंवा रश्श्यामुळं नव्हेत. त्याचं कारण व्यवहारी आहे. गल्लीत आषाढात त्र्यंबोलीची यात्रा निघते. मंगळवार नाहीतर शुक्रवार धरायचा, पंचगंगेचं नवं पाणी कलशात घेऊन बायका-पोरी टेंबलाईच्या टेकडीवर जातात, पुढं ‘पी ढबाक’ वाजत असतं, आणि नंतर अख्ख्या गल्लीत मटणाच्या वासानं माणसाला दुसरं काही सुचत नाही. यात्रेला वर्गणी आली, वर्गणीला हिशोब आला आणि हिशोबाला भांडण. खजिनदार जो होईल तो कुणाचा तरी चुलता असतो, कुणाचा तरी साडू असतो, आणि कुणाशी तरी त्याचा बांधावरून दावा चालू असतो. मटणाचे दोन किलो जास्त लागले, की त्यात आजोबांच्या वेळच्या वाटणीचा विषय निघतो. गणपतीतही तेच, शिवजयंतीतही तेच. अशा सभेत कुणीतरी कोपऱ्यात बसलेल्या साहेबांकडं बोट केलं. ‘ह्यांस्नी द्या की पेटी. ह्यांची हितं भावकीच न्हाई.’

सगळे एकदम हो म्हणाले. पेठेच्या इतिहासात सगळे एकदम हो म्हणाल्याची दुसरी नोंद मला ठाऊक नाही.

मला हे फार मोलाचं वाटतं. आपण समजतो, परगावी आलेल्या माणसाचं दुखणं म्हणजे तिथं त्याचं कुणी नसतं. इथं त्याचीच किंमत होती. साहेबांना चुलते नव्हते, मेहुणे नव्हते, शेताचा बांध नव्हता; होती ती पावत्यांची फाईल. लिंबाची पावती नाही म्हणून त्यांनी लिंबाचे पैसे अडवून धरले. लिंबं आक्कांच्या परड्यातली होती, हे कळल्यावर ‘मग देणगी म्हणून दाखवा’ म्हणाले आणि आक्कांच्या नावानं लिंबांची रीतसर पावती फाडली. आक्कांनी ती देव्हाऱ्यात ठेवलीय. हळूहळू वर्गणीबरोबर भांडणंही त्यांच्याकडं यायला लागली. दोन भाऊ बोलत नसले, की दोघंही साहेबांशी बोलतात.

पावसाळ्यात मात्र त्यांच्याकडं कुणी जात नाही, कारण तेव्हा ते फक्त फूट आणि इंच बोलतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापुरात पोराला पाढ्यांआधी येतं. साहेबांनी त्याची वही घातलीय. सकाळचं, दुपारचं, रात्रीचं. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी भरलं की आपोआप उघडणारे. त्यातला कुठल्या नंबरचा उघडला हे ते घरातल्या माणसाच्या तब्येतीसारखं सांगतात. नागपूरच्या बहिणीनं जुलैत फोन केला, की ख्यालीखुशालीआधी तिला ‘अडतीस फूट नऊ इंच’ ऐकावं लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, शहर काही दिवस तुटलं. बहिणीनं टीव्ही बघून रडत सांगितलं, ‘या ना बाप्पा निघून!’ साहेब म्हणाले, ‘निघू कसा? रस्ता बंद आहे.’ आवाजात इतकं समाधान होतं, की ती आणखी रडली.

आणि गंमत बघा, पेठेतली पोरं मात्र पुण्यात आहेत. पुण्याला जायची आपली रीत तशी जुनी. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली, तेव्हापासून आपण तिच्या मागं चाललोय. हिंजवडीत बसून पोरं ‘जगात भारी’ असं मोबाईलवर टाकतात, शुक्रवारी रात्री गाडी धरून येतात, रविवारी सामना बघतात, रस्सा पितात आणि परत. आठवडाभर पेठेचा अभिमान वाहायचा कुणी? मग साहेब वाहतात. रंकाळ्यावर फिरताना कुणी पुणेकर पाहुणा शालिनी पॅलेसकडं बघून ‘छान आहे, पण देखभाल नाही’ म्हणाला, तर आम्ही ‘व्हय, खरं हाय’ म्हणून मोकळे होतो. साहेब त्याला संध्यामठापर्यंत समजावत नेतात.

येणाऱ्यांचीही रीत आहे, असं त्यांचं म्हणणं. अल्लादिया खाँसाहेब राजस्थानातले, शाहू महाराजांच्या दरबारी गवई होऊन इथं राहिले. साहेबांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण खाँसाहेबांविषयी ते भावकीतल्या माणसासारखं बोलतात, आणि शेवटी थोडं नाराजीनं म्हणतात, ‘मात्र महाराज गेल्यावर ते मुंबईला गेले. मी नाही गेलो.’

आता २०२५ च्या ऑगस्टपासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. रत्नागिरीचे, सोलापूरचे तरुण वकील खोल्या शोधत पेठेतही येतात. त्यांची उलटतपासणी साहेब घेतात. डिपॉझिट, पाण्याची वेळ, गाडी कुठं लावायची. मग आवाज खाली आणून, ‘फुटबॉलचं कुणी विचारलं तर लगेच उत्तर देऊ नका. आधी घरमालक कुणाकडचा ते बघा.’

ते गेले नाहीत, हे खरं; पण एकदा जाणार होते. टोलचं आंदोलन संपून फार दिवस झाले नव्हते. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे पुढं आणि गाव मागं, अशी काही वर्षं काढून कोल्हापूरनं टोल घालवला होता, त्यामुळं हात शिवशिवत होते. नेमका तेव्हाच साहेबांचा बदलीचा आदेश आला. नागपूरलाच. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरची शाखा. माणसं असल्या आदेशासाठी देवाला नारळ फोडतात. साहेब दोन दिवस जेवले नाहीत.

गल्लीनं मोर्चा काढायचं ठरवलं. निवेदन पाहिजे, तर सरकारी मराठी लिहिणारा गल्लीत एकच माणूस. साहेबांनी स्वतःच लिहून दिलं. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन की, सदर अधिकारी हे अत्यंत कार्यक्षम व लोकप्रिय असून...’ स्वतःबद्दल एवढं चांगलं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं असेल. सह्या झाल्या. त्या तपासताना त्यांना दिसलं, की पलीकडच्या तालमीच्या दोघांनीही सह्या केल्यात. त्यांनी पट्टी घेऊन दोन्हींवर रेघ मारली. ‘त्यांच्या उपकारावर आपल्याला राहायचं नाही.’

वीस-पंचवीस माणसं आणि आक्का, असा मोर्चा बँकेच्या मोठ्या ऑफिसात गेला. तिथले साहेब दक्षिणेकडचे, तेही बदलीवरच आलेले. त्यांनी सगळ्यांना पाणी दिलं, निवेदन दोनदा वाचून घेतलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, हे तुमचे कोण लागतात?

आजोबा पुढं झाले. ‘कोणबी न्हाई.’

‘मग?’

‘म्हणून तर पायजेत.’

बदली रद्द झाली नाही, नुसती ‘पुढील आदेशापर्यंत स्थगित’ झाली, आणि पुढचा आदेश साहेब निवृत्त होईपर्यंत आला नाही. त्या संध्याकाळी तालमीपुढं गुलाल उधळायची तयारी चालली होती. साहेब बँकेतून तडक तिथं आले, गर्दीतून वाट काढत पेटीपाशी बसले, चष्मा लावला आणि म्हणाले, ‘मोर्च्यात चहा कोणी पाजला? पावती कुठाय?’