रातचो राजा

दशावतारी नटांबद्दल आमच्याकडे एक म्हण आहे : 'रातचो राजा, सकाळी कपाळार बोजा.' रात्री देवळासमोर ज्याने इंद्राला आव्हान दिलं, तोच सकाळी पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या जत्रेच्या वाटेला लागलेला दिसे. आता नाटक मंडळांकडे गाड्या आल्या, पेटारे गाडीत गेले. म्हण मात्र बेकार झालेली नाही. मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात तिला नवा धनी मिळाला आहे. हा राजा रंगमंचावर नसतो. खळ्यात प्लास्टिकच्या एका खुर्चीत बूड आणि दुसरीवर पाय टाकून, मच्छर अगरबत्तीच्या धुरात तो रात्रभर रूनस्केप नावाचा ऑनलाइन खेळ खेळतो.

त्याचं खरं नाव देत नाही. एकाचं दिलं तर चार वाड्यांतले चार जण 'माझ्यावर लिहिलास काय?' म्हणून दारात येतील, आणि न आलेला पाचवा 'माझ्यावर का नाय लिहिलास?' म्हणून कायमचा रुसेल. खेळात त्याने 'राजापार्ट' नाव घेतलेलं आहे, तेव्हा आपणही राजाच म्हणू. वय चाळिशीच्या उंबरठ्यावर. घराला लागून पर्यटकांसाठी दोन खोल्या, बाहेर 'घरगुती मालवणी जेवण, वायफाय फ्री' अशी पाटी. तिच्यातला 'फ्री' हा शब्द त्याने स्वतःसाठी लिहून घेतलेला आहे.

या फ्रीचा इतिहास जुना आहे. रूनस्केप सुरू झाला ४ जानेवारी २००१ रोजी, इंग्लंडात. कॅम्ब्रिजच्या अँड्र्यू गोवर नावाच्या विद्यार्थ्याने भावाच्या मदतीने तो उभा केला. राजे, चेटकिणी, ड्रॅगन, तलवारी असं जग, आणि त्यात जगभरची हजारो माणसं एकाच वेळी हिंडतायत. गंमत अशी की सीडी नको, भारी कॉम्प्युटर नको. ब्राऊझरमध्ये पान उघडायचं, नाव घालायचं आणि राज्यात शिरायचं. राजा कॉलेजात होता तेव्हा सायबर कॅफेतल्या कळकट मशीनवर दुसरा कुठलाही खेळ उघडायच्या आधीच तास संपायचा. हा एकटा उघडायचा. शिवाय फुकट. मालवणात जत्रेतलं नाटक फुकट, समुद्रावरचा वारा फुकट, शेजाऱ्याच्या भांडणाचा तमाशाही फुकट. त्या पंगतीत रूनस्केप न कुरकुरता बसला.

अद्भुताचंही त्याला काही वाटलं नाही. कोकणी माणसाला त्याची वेगळी शिकवणी लागत नाही. वाडीच्या सीमेवर देवचार, पिंपळावर मुंजा, आणि तिकडे वेंगुर्ल्याजवळ आरवलीचा वेतोबा रोज रात्री गस्त घालून चपला झिजवतो, म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या नव्या चपला वाहतात. अशा मुलखात वाढलेल्या पोराला हिरवा गॉब्लिन दाखवून कोण घाबरवणार? पहिला गॉब्लिन दिसल्यावर राजा म्हणाला होता, "ह्या तर मळ्यातला बुजगावणा." आणि त्याने तो मारला. पहिली कामगिरी मात्र त्याला अपमानास्पद वाटली. किल्ल्यातला आचारी सांगतो, सरकारांच्या वाढदिवसाचा केक करायचाय, मला एक अंडं, बादलीभर दूध आणि पीठ आणून दे. "राजवाड्यात अंडा नाय, आणि ह्यो सरकार!" राजा अजून सांगतो. सकाळी आवस त्याला हीच यादी देऊन बाजारात पाठवते, तेव्हा मात्र तो दोनदा विसरतो.

मग त्याने मासेमारी धरली. इथे माझी मती गुंग होते. ज्याचा बापूस रापणीला उभा राहून म्हातारा झाला, ज्याच्या दारापासून अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर, तो रात्री खुर्चीत बसून खोटे मासे मारतो. खेळात पहिल्या लेव्हलला मिळते कोळंबी. चाळिसाव्या लेव्हलला शेवंड. शेवंड पकडायला जहाजाचं ३० मोहरा भाडं भरून करम्जा नावाच्या बेटावर जायचं, पिंजरा टाकायचा, थांबायचं. परत येताना जकातवाला झडती घेऊन पुन्हा ३० मोहरा काढतो. खऱ्या आयुष्यात सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला होडीचं तिकीट काढणं हा स्थानिकाचा अपमान समजणारा हा माणूस, त्या जकातवाल्याला रोज निमूट पैसे मोजतो.

शेवटची लेव्हल ९९. तिथवर जायला १,३०,३४,४३१ गुण लागतात आणि एका शेवंडीचे गुण ९०. म्हणजे चाळीसच्या पुढे निव्वळ शेवंडीवर जायचं तर सुमारे १ लाख ४४ हजार शेवंडी. त्यातही मेख अशी की ९२ व्या लेव्हलला पोचलात की जेमतेम निम्मी वाट झालेली असते. हे गणित बाहेरच्या माणसाला पटत नाही. मुंबई-गोवा महामार्गाने चतुर्थीला येणाऱ्याला लगेच पटतं.

आवशीने हा कारभार एकदाच नीट पाहिला. तिचा जन्म मासळीत गेलेला. बंदरावरच्या लिलावात ती नुसत्या भुवईने भाव पाडते. चष्मा पुसून ती स्क्रीनजवळ वाकली. राजा तेव्हा शेवंड भाजत होता. खेळात आगीवर शेवंड ठेवली की कधी नीट भाजते, कधी करपून कोळसा होतो.

"ह्या काय करतंस?"

"शेवंड भाजतंय, आये."

"वाटाप खंय?"

"हय वाटाप नसता."

"तिरफळा? कोकमा?"

"नाय गो."

"मगे करपतली नाय तर काय होतला?" असं म्हणून ती आत गेली. दाराशी थांबून तिने विचारलं, "आणि रे मेल्या, थंय इतकी शेवंडा मारतंस, मगे घरात कालवणाक बांगडो इकत कित्याक हाडूचो लागता?"

या प्रश्नाला रूनस्केपच्या कुठल्याही मार्गदर्शिकेत उत्तर नाही.

नारळाचं वाटप नसण्यामागे एक गोष्ट आहे, ती आवशीला सांगायची राजाची अजून छाती झालेली नाही. खेळात नारळ आहे. माडासारखी झाडंही आहेत. पण नारळ फक्त पैसे भरणाऱ्या सभासदांना. शार्क, म्हणजे आमची मोरी, मारणंही त्यांनाच. म्हणजे मालवणच्या माणसाला मोरीचं मटण आणि नारळ या दोन गोष्टी वर्गणी भरून घ्याव्या लागतात. कॅम्ब्रिजच्या त्या मंडळींनी मालवणी स्वभावाचं असं नेमकं मर्म कसं ओळखलं, याचं मला कोडं आहे.

पण राजा हा मुळात मासेमार नव्हे; तो नट आहे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात, आणि मग राजा, राणी, नारद, राक्षस उभ्या-उभ्या संवाद रचतात. समोरच्याने अडकवलं तर त्याच्याच शब्दात त्याला गुंडाळायचं, यात खरी कसोटी. राजाला या कलेची हौस दांडगी, पण मंडळात त्याला कोणी घेतलं नाही. उंची कमी आणि आवाज किनरा. रूनस्केपमध्ये उंची सगळ्यांची सारखी आणि आवाज टायपातून येतो. तिथे तो सुटला. रोमन लिपीत मालवणी लिहून त्याने भल्याभल्यांना आडवं केलं. फिनलंडचा कोणी पोरगा निव्वळ वैतागून नेहमीच्या झाडावरून कुऱ्हाड घेऊन निघून गेला. राजा अजून ती आपली सर्वांत मोठी लढाई मानतो.

त्याच्या टोळीत एक ब्राझीलचा, दोन पोलंडचे, एक फिलिपाइन्सची मुलगी आणि कुडाळचा एक वायरमन आहे. 'वाइल्डरनेस' नावाचं एक रान आहे, तिथे खेळाडूच खेळाडूला मारतो आणि मेलेल्याचा माल लुटतो. तिथे शिरण्याआधी राजा गाऱ्हाणं घालतो. खेळायला बसण्याआधी तो सदरा बदलतो असं मी ऐकून होतो. गाऱ्हाण्याला मात्र स्वतः हजर होतो. त्याने टाइप केलं, "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा रानात लढाईक जातत, तेंच्या पाठीक उभो ऱ्हव रे म्हाराजा." आणि खाली भराभर ओळी उमटल्या. क्राकोवहून, साओ पाउलोहून, सेबूहून आणि कुडाळहून : "व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!" पोलंडच्या एकाला हा कुठला तरी दुर्मीळ मंत्र वाटतो. तो म्हटल्यापासून त्याचा मार जास्त बसतो, असं त्याने आकडे मांडून सिद्धही केलंय.

लढाईच्या रात्री खोल्यांतलं वायफाय बंद असतं. सहा दशांश सेकंदाला खेळाचा एक ठोका पडतो. आणि पर्यटक व्हिडिओ बघत बसले की राजाची तलवार ठोकाभर उशिरा उठते. पुण्याचे पाहुणे गॅलरीतून हाक मारतात, "दादा, नेट गेलंय का हो?" राजा मान न वळवता उत्तरतो, "वाऱ्याची दिशा बदलली, सायबानु. भरतीक परत येतला." पाहुणे भरतीची वेळ विचारून झोपतात. सकाळी बहुतेक जण तक्रार विसरून घावण्यांवर तुटून पडतात, कारण ती आवस करते. दोन खोल्यांचं हे संस्थान आवशीच्या घावण्यांवर चाललंय, राजाच्या तलवारीवर नव्हे.

रूनस्केपसारख्या खेळांचा मूळपुरुष १९७८ सालचा. एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रुबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी निव्वळ अक्षरांनी खेळायचं एक जग रचलं होतं. चित्र एकही नाही. या बार्टलने १९९६ मध्ये खेळाडूंच्या चार जाती सांगितल्या : मिळवणारे, भटकणारे, गप्पिष्ट आणि मारेकरी. साहेब चतुर्थीला मालवणात आले असते तर पाचवी लिहून गेले असते : दावेदार. राजाला किल्ला जिंकायचा नसतो, त्याला किल्ल्याचा सातबारा बघायचा असतो. तो केकवाला सरकार, लंब्रिजचा ड्यूक, ही जमीन कसतो, ती कोणाच्या नावावर? भाऊबंद किती? गॉब्लिन कूळ म्हणून लागलेत की अतिक्रमण करून? खेळात याची सोय नाही म्हणून तो इतिहासाची पानं धुंडाळून गादीचे वारस काढत बसतो. स्वतःच्या घरची जमीन चाळीस जणांत सामायिक आहे आणि तिची वाटणी आजोबांपासून लटकली आहे. तिकडे तो फिरकत नाही. तिथे संवाद उत्स्फूर्त नसतात, वकील सांगेल तसे असतात.

पावसाळा हा त्याचा खरा हंगाम. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, स्कुबा बंद, किल्ल्याची होडी बंद. अख्खी किनारपट्टी जाळी विणते, राजा लेव्हल वाढवतो. २०१३ मध्ये कंपनीने खेळाची २००७ सालची जुनी आवृत्ती पुन्हा चालू केली, आधी फक्त सभासदांसाठी; २०१५ मध्ये ती फुकट खेळणाऱ्यांनाही खुली झाली. तिथे सगळ्यांना कोळंबीपासून आरंभ करावा लागला.  राजा खुशीत होता. इतकी वर्षं मारलेली शेवंडं पुन्हा मारायला मिळणार होती. ब्राऊझरातून खेळायचा जमाना पुढे सरला, २०१८ मध्ये खेळ मोबाइलवर आला, आणि तेव्हापासून तो माडावर चढलेल्या गड्याला खालून सूचना देतानाही खेळतो.

परवाच्या चतुर्थीला डोंबिवलीचा चुलतभाऊ आला. चाकरमानी, हात सैल. आरती झाल्यावर तो म्हणाला, "अरे, किती वर्षं फुकटात खेळशील? मी भरतो तुझी वर्षाची मेंबरशिप. चतुर्थीची भेट समज."

राजाने उकडीचा मोदक ताटात परत ठेवला. "नको, दादा. फुकट खेळतंय तवसर मिया राजा आसंय. पैशे भरले काय गिऱ्हाईक झालंय."

दादाला राग आला. त्याने तिथल्या तिथे स्वतःच्या नावाने खातं काढलं, वर्गणी भरली आणि रात्रभर जागून राजाच्या नाकासमोर खेळत बसला. पहाटेच्या सुमारास राजाने घसा खाकरला.

"दादा, थंय नारळ गावलो काय रे?"

"गावलो. दोन."

"एक माका दी."

दादाने खटपट केली. जमेना. सभासदांची वस्तू फुकट खेळणाऱ्याच्या हातात पडत नाही, तसा तिथला कायदाच आहे.

"भावाच्या घरात बसान भावाक नारळ देवक येणा नाय?" राजा उठून उभा राहिला. "ही कसली रे ह्यांची राजवट!" आणि त्याने कॅम्ब्रिजला पत्र लिहायला घेतलं, रोमन लिपीत, मालवणीत. आतून आवस ओरडली, नारळ होयो तर मागल्या दारी ढिगान पडलेत, सोलूक कोण येता?