चौथ्या ऋतूची पडवी

घरातल्या बाकी सगळ्या खोल्यांना कामं नेमून दिलेली असतात. पडवीला कुणी काही काम दिलेलं नसतं, म्हणून सगळी कामं तिच्याकडे येतात. तिथे भाजी निवडली जाते, भिजलेली छत्री निथळते, आणि आलेल्या माणसाला ‘आत या’ म्हणायचं की नाही हे ठरेपर्यंत टेकायला जागा मिळते. घर म्हणतं ही माझी, अंगण म्हणतं माझी. वादी-प्रतिवादी दोघेही दमून गेलेल्या जुन्या दाव्यातल्या जमिनीसारखी ती मध्ये निवांत पडून असते. माणूस जिथे गेला तिथे त्याने ही मधली जागा बांधून घेतली. आणि गंमत अशी, की बांधून होते न होते तोच ती बंद कशी करता येईल, या विचाराला लागला.

आमच्या चिपळूणच्या घरी हा विचार मे महिन्याच्या शेवटी सुरू होई. आंबा आटोपत आला, पश्चिमेकडे ढगांची चुळबुळ दिसू लागली, की वडील पडवीच्या उघड्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधायला घेत. पावसाची झड आत येऊ नये, एवढाच हेतू. आडवा बांबू, सुंभाचे वेढे, आणि खाली उभी राहून ‘डावीकडे जरा खाली घ्या’ असं सांगणारी आई. झाप लागले की पडवीत भर दुपारी संध्याकाळ होई. त्या विणीतून पाऊस दिसत नसे, नुसता ऐकू येई. झोपाळा भिंतीकडे सरकवलेला, दांडीवर मुळीच न वाळणारे कपडे, आणि सगळ्यावर ओल्या सुंभाचा वास. पुढे झाप गेले, निळी ताडपत्री आली आणि आमची संध्याकाळ निळी झाली. पण झाप काय नि ताडपत्री काय, दसऱ्याच्या सुमाराला उतरायची. पावसाला फक्त चार महिन्यांपुरतं ‘थांब’ म्हटलेलं असे. त्यात कायमचा काही राग नव्हता.

डोंबिवलीच्या काकांनी मात्र गॅलरी कायमची बंद केली. मुंबईकडच्या गॅलऱ्या थंडी-वाऱ्याने बंद झाल्या नाहीत, माणसांनी झाल्या. आधी चोरांसाठी ग्रिल आलं, मग कबुतरांसाठी जाळी, मग धुळीसाठी स्लायडिंग. चुलतभाऊ दहावीला बसला तेव्हा गॅलरीत टेबल गेलं. तो पास होऊन पुढे गेला, टेबल राहिलं. त्यावर शिलाईचं मशीन आलं, आणि मशीनवर लोणच्याच्या बरण्या. खोली वाढली म्हणून काकू खूश होत्या. काका मात्र संध्याकाळी बाहेर बघायला जिन्याच्या वळणावर जाऊन उभे राहत. तिथे त्यांच्यासारखेच, आपापल्या गॅलऱ्या बंद केलेले, आणखी दोघे-तिघे असत.

हा वारसा घेऊन मी मिनियापोलिसच्या एका उपनगरात राहायला आलो. घराच्या मागे लाकडी डेक होता, त्यावर छप्पर होतं, तीन बाजू मोकळ्या. मागे, हे महत्त्वाचं. आमच्याकडे पडवी रस्त्याकडे तोंड करून बसते, कारण तिला येणारा-जाणारा बघायचा असतो. अमेरिकेतही एकेकाळी तसंच होतं. घरासमोर व्हरांडा, त्यात डुलती खुर्ची, रस्त्यावरून जाणाऱ्याला हात. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं पसरली, घरासमोर मोटारीचं गॅरेज आलं, आत दूरदर्शन संच आणि वातानुकूलन आलं, आणि बाहेर बसायची हौस घराला वळसा घालून मागच्या दाराने अंगणात गेली. तिथे ती झाली डेक. तिथून रस्ता दिसत नाही. दिसतात खारी, ससे, एखादं धीट हरीण, आणि मागच्या घराची पाठ. दोन घरं एकमेकांकडे पाठ करून उभी, आणि माणसं त्या दोन पाठींच्या मध्ये मोकळं व्हायला येऊन बसलेली.

बसायची तरी किती? एप्रिलपर्यंत बर्फ. मग डास, इथले लोक डासाला राज्यपक्षी म्हणतात, खरा राज्यपक्षी लून असला तरी. मग जरा बरे दिवस, आणि ऑक्टोबर सरता सरता पुन्हा बोटं बधिर. जानेवारीत रात्रीचं किमान तापमान सरासरीनेच उणे 13 सेल्सिअसच्या आसपास. लाट आली की ते आणखी कितीतरी खाली उतरतं. तेव्हा छप्पर आहेच, नुसत्या भिंती उभ्या करायच्या, असं आम्हा दोघांचं ठरलं. बायको पुण्याची, गॅलरी बंद करणं तिच्या रक्तातच होतं.

सुतार आला. वयाने मोठा, बोलायला कंजूष. त्याने पहिला प्रश्न विचारला, तीन ऋतूंची हवी की चार? इथे खोल्या अशाच मोजतात. तीन ऋतूंची म्हणजे जाळ्या आणि साध्या काचा. हिवाळ्यात दार लावून तिला विसरून जायचं. चार ऋतूंची म्हणजे रीतसर उबदार, घराच्या बरोबरीची. आम्ही मूळचे उन्हाळा, पावसाळा, हिवाळा एवढ्यावर संसार करणारे. तीनच ऋतू दिले तरी आमचा काही हिशेब चुकत नव्हता. पण आई पहिल्यांदाच हिवाळ्यात येणार होती. उन्हाळ्यात सगळ्यांचे आई-वडील येतात. तिचं म्हणणं, आंबा-काजूच्या दिवसांत घर टाकून यायचं नाही, आणि एकदा बर्फ बघायचाच आहे. तेव्हा चौथा ऋतू घ्यावा लागला.

आम्हाला वाटलं होतं, काम भिंतींचं आहे. सुतार भिंतींकडे बघेचना. तो डेकच्या खाली वाकून गेला आणि बराच वेळ तिकडेच राहिला. वर आला तेव्हा गुडघे झटकत म्हणाला, “भिंती कुणीही बांधेल. थंडी खालून येते.” ते खरंच तसं आहे. घर तळघरावर बसलेलं असतं, त्याच्या पायाला थोडी ऊब असते. डेक खांबांवर उभा, त्याच्या पोटाखालून वारा मोकळा फिरतो. फळ्यांमध्ये पाणी निथळायला मुद्दाम फटी ठेवलेल्या. उन्हाळ्यात ज्या फटीतून चहाचा चमचा पडला तर हसू येतं, त्याच फटीतून जानेवारी वर येतो. मग फळ्या उखडल्या, आडव्या वाशांच्या मधल्या पोकळीत इन्सुलेशन भरलं, खालून प्लायवूड ठोकलं, वर नवी जमीन केली. छताच्या पोटातही भरलं. कारण आतली ऊब छतातून निसटली तर वरचा बर्फ वितळतो, पाणी पागोळीपर्यंत जाऊन पुन्हा गोठतं, आणि त्या बांधामागे साचलेलं पाणी घरात वाट शोधतं.

पण सगळ्यात नवल खांबांचं. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं; शिवाय गोठणारी माती खालचं पाणी वर ओढून घेते आणि बर्फाच्या चकत्या थरावर थर रचत जाते. त्या चकत्या हळूहळू, कुणाला कळू न देता, अख्खा खांब वर उचलतात. म्हणून मिनेसोटाच्या दक्षिण भागात पाया किमान 42 इंच खोल न्यायचा असा नियम आहे, आणि उत्तरेकडे 60 इंच. उघड्या डेकपेक्षा काचा-भिंतींची खोली जड, तेव्हा काही खांबांना नवे, रुंद पाये लागले. खड्डे खणून झाले, पण काँक्रीट ओतायचं नाही. नगरपालिकेचा माणूस येऊन खड्डे बघणार. तो आला, वाकला, टेप खाली सोडली, कागदावर काही लिहिलं आणि गेला. रिकाम्या खड्ड्याकडे इतक्या आदराने बघणारा सरकारी माणूस मी प्रथमच पाहिला. आमच्याकडे खड्डा बघायला कुणी यावं म्हणून अर्ज करावे लागतात.

आई ऑक्टोबरच्या शेवटी आली. खोली तिने फिरून पाहिली, काचांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “हे दसऱ्याला उतरवत नाहीत?” नाही म्हटल्यावर तिला जरा वाईट वाटलेलं दिसलं. पण डिसेंबर आला आणि तिला त्या खोलीचं मर्म आमच्या आधी कळलं. मिनियापोलिस आहे 45 अक्षांशावर. डिसेंबरच्या मध्यान्हीला सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम 21-22 अंश चढतो. चिपळूणचा सूर्य डोक्यावर येतो आणि पडवीच्या उंबऱ्याशी थांबतो. हा बिचारा खालूनच चाललेला, त्यामुळे दक्षिणेच्या काचांमधून थेट आतल्या भिंतीपर्यंत येऊन टेकायचा. बाहेर उणे 20, आकाश निळंशार, आणि आत जमिनीवर लांबलचक पिवळं ऊन. हिवाळ्यात घरातली हवा मुळात कोरडी. आईने दोन दिवस ते ऊन डोळ्यांनी तोललं, आणि तिसऱ्या दिवशी साबुदाणा भिजत घातला.

प्लॅस्टिकवर साबुदाण्याच्या पापड्यांच्या ओळी लागल्या. चमच्यामागून चमचा, मध्ये दोन बोटं अंतर, ओळ जराही वाकडी नाही. पापड्या कडेने आधी पारदर्शक होत, मग मधलं पांढरं बेट लहान लहान होत जाई. काचेपलीकडे गुडघाभर बर्फ, अलीकडे वाळवण, आणि स्टुलावर बसलेली आई, हातात सवयीने कावळे हाकायची काठी. कावळा येणार कुठून? तरी एक लालभडक कार्डिनल पक्षी खिडकीशी येऊन बसे, आणि ती काचेला काठी लावून त्याला ‘हाऽड’ म्हणे.

पण त्या वाळवणाने, आणि आमच्या कुकरने, एक वेगळंच प्रकरण उभं केलं. 21 अंश उबेच्या हवेत 40 टक्के आर्द्रता असली तरी 7 अंशांच्या काचेवर दव धरतं. आणि बाहेर उघडणारं जुनं, एकेरी काचेचं दार आम्ही पैसे वाचवायला तसंच ठेवलं होतं. रात्री स्वयंपाकघरातली वाफ त्या दाराशी जाई आणि सकाळी तिथे हिमाची नक्षी असे. नेच्याची पानं, पिसं, मोराच्या शेपटीसारखे पसरलेले फाटे. आमच्याच वरणभाताचं हे रान. सुताराने दार बदला म्हणून बजावलं होतं, आर्द्रता कमी ठेवायला सांगितलं होतं. आई म्हणाली, राहू दे, रोज नवी रांगोळी कोण काढून देतं. बायको टॉवेल घेऊन उंबऱ्यावरचं पाणी टिपत होती, तीही काही बोलली नाही.

आणि मग ती समोरची बाई. आमच्या पाठीला पाठ लावून असलेल्या घरालाही तशीच काचेची खोली आहे, आणि तिथे एक वृद्ध बाई दुपारी विणत बसते, हे आम्हाला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. उन्हाळ्यात मध्ये झाडं असतात. हिवाळ्यात पानं गळून दोन्ही खोल्या एकमेकींना उघड्या पडतात. एका दुपारी आईने हात केला. पलीकडून सुई धरलेला हात हलला. मग तो रोजचाच कार्यक्रम झाला. जेवण झालं की आई लुगडं सारखं करून तिच्या खुर्चीत बसे. तिकडचा दिवा लागलेला नसला तर अस्वस्थ होई. “आज उठली नाही वाटतं,” म्हणे. एकीला मराठी येत होतं, दुसरीला येत नव्हतं, याची कुठे अडचण झाली नाही.

एप्रिलमध्ये बर्फ ओसरला आणि दोघी कुंपणाशी भेटल्या. आईने पापड्यांची ताटली दिली. शेजारणीने एक पापडी काढून उजेडात धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, किती सुंदर, ही खिडकीत टांगायची ना? आईने हवेत कढई धरली, तेल ओतलं, पापडी सोडली, आणि ती फुलली हे दोन्ही हातांनी दाखवलं. दोन दिवसांनी ताटली परत आली, भरून. रिकामं भांडं परत पाठवू नये हे मिनेसोटातही पाळतात. त्यात लेमन बार होते. अंडं असतं हे सांगितल्यावरही आईने एक कोपरा चाखला. “लिंबू चांगलं लागलंय,” एवढंच म्हणाली.

आंब्याला ती परत गेली. फोनवर आमची चौकशी नंतर. आधी, ती कशी आहे. पावसाळ्यात एकदा म्हणाली, “अरे, तिच्या खोलीचं तोंड उत्तरेला आहे. सबंध हिवाळ्यात तिला ऊन म्हणून मिळत नाही. दुपारी आपल्याकडे बसायला सांग. ती लोकं बोलावल्याशिवाय यायची नाहीत.” नोव्हेंबरात बायकोने जाऊन बोलावलं. ती विणकामाची पिशवी घेऊन आली, बूट दाराशी काढले, आईच्या खुर्चीत बसली, खोलीची पोटभर तारीफ केली. मग मोज्यातले पाय अलगद वर उचलून घेत तिने मला विचारलं, तळाला इन्सुलेशन नेमकं किती जाडीचं घातलंय?