गाडीला वरचा मजला

दुसऱ्या गाडीसाठी घरच्या गॅरेजात लिफ्ट बसवण्याचा विचार रत्नागिरीच्या बंगल्यांपर्यंत पोचला, तर त्याचे स्वागतच करायला हवे. अंगणाची आडवी जागा हापूसच्या कलमांनी अडवलेली आहे. उभे आकाश मात्र अजून सातबाऱ्यावर चढलेले नाही. मुंबईच्या 27 मजली अँटिलियात 168 गाड्यांची सोय आहे. जांभ्याच्या घराने दोनच गाड्यांवर का लाजावे?

निवड अवघड नाही. दोन खांबांची लिफ्ट गाडीला पोटाखालून उचलते आणि चाके लोंबकळत ठेवते. ती मेकॅनिकच्या सोयीची. चार खांबांच्या लिफ्टवर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहते, म्हणून मुक्कामाला तीच बरी. दोन उंच एसयूव्ही एकावर एक ठेवायच्या तर छत सुमारे 13 फूट हवे. नसेल तर वरची खोली पाडावी. तिथे आजी राहतात आणि जिना त्यांना नाहीतरी झेपत नाही.

फायदा पावसाळ्यात कळतो. 22 जुलै 2021 रोजी चिपळूण बुडाले, तेव्हा दारातल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. लिफ्ट असती तर घरटी एक तरी वाचली असती. कोणती, हे कुटुंबाने मे महिन्यातच बसून ठरवावे. पुरात वीज आधी जाते.

अशी लिफ्ट साडेतीन टनांपर्यंत वजन सहज पेलते. माणसांनी तिच्यावरून वर-खाली करायला मात्र मनाई असते.

आजींनी जिन्याचा कठडा धरावा.